बाबांसाठी त्रिकोण

आमच्या हॉलमध्ये समोरचे दोन स्पीकर ठेवायला योग्य अशी एकही जागा नाही, हे मी आता कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. ज्याने ही खोली आखली त्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे, पण इथे बसून माणसं काही ऐकतील असं त्याला वाटलं नसावं. समोरच्या भिंतीला मधोमध टीव्ही. त्याच्या डाव्या हाताला गॅलरीचं दार. उजव्या हाताला फ्रीज, कारण स्वयंपाकघरात तो मावत नाही. टीव्हीसमोर मागच्या भिंतीला टेकून सोफा, आणि सोफ्याच्या टोकाला बाबांची खुर्ची. यातली एकेक वस्तू पुढे माझ्या वाईटावर उठली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी नकाशे तपासणीच्या खात्यात आहे. लोक घरं बांधायला निघतात, त्यांचे नकाशे माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांतल्या चुका काढतो. हे काम मी मनापासून करतो असं वरिष्ठांचं मत आहे. लोकांचं मत मी कधी विचारलं नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की रेघ, कोन आणि अंतर या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी माझी परिस्थिती नव्हती.

आता बाबांविषयी. बाबांची सगळी नोकरी एका कारखान्यात बॉयलरशेजारी झाली. त्या घरघरीने त्यांचे कान हळूहळू कामातून गेले. तरी रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही सगळे मिळून सिनेमा बघायचो, ही घरातली जुनी पद्धत. बाबा त्यात पुढचं आधीच सांगून टाकायचे. "हा आता जिन्यावरून पडणार बघ," म्हणायचे, आणि तो पडायचा. माझा अगदी संताप व्हायचा. पण गेल्या काही महिन्यांत ते चहा झाला की उठायला लागले. "मी जरा पडतो," म्हणून आतल्या खोलीत जायचे. एकदा मी सहज डोकावलो तर ते पडलेले नव्हतेच. पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, कपाटाकडे बघत बसले होते. मला फार वाईट वाटलं. बाहेर येऊन मी सिनेमा बंद केला आणि हिने का म्हणून विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

कानाचं यंत्र आणलं होतं. ते ड्रॉवरमध्ये आहे. "त्यातून माणसं ऐकू येत नाहीत, नुसती भांडी ऐकू येतात," असं बाबांचं म्हणणं. टीव्हीचा आवाज वाढवून पाहिला, तर शेजारचे प्राध्यापक दारात उभे. तेव्हा मी ठरवलं की आवाज मोठा नको, नेमका हवा. बाबांच्या कानात सरळ जाऊन बसेल असा. बाबांना रविवारच्या सिनेमाला परत हॉलमध्ये आणायचं, बास. बाकी मला स्वतःला त्या यंत्रांची काही हौस नव्हती, हे कुणी मानत नाही.

तर होम थिएटर आलं. त्याच्याबरोबर एक पुस्तिका आली आणि ती वाचताच मला आपल्या माणसाची भेट झाल्यासारखं वाटलं. त्यात म्हटलं होतं की समोरचे दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. तिन्ही बाजू सारख्या. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढलेले, ऐकणाऱ्याकडे किंचित तोंड वळवलेले, आणि ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. मी त्याच संध्याकाळी हॉलचा नकाशा काढला, प्रमाणात.

त्रिकोण कागदावर सुरेख बसला. खोलीत मात्र डावा स्पीकर गॅलरीच्या दारात आला, उजवा फ्रीजच्या दारात आला, आणि ऐकणारा माणूस हॉलच्या बरोब्बर मधे आला. म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेरच्या दाराकडे जायची जी वाट, तिच्यावर.

"बाबांनी काय चौकात बसायचं?" ही म्हणाली.

"आवाज तिथेच जुळतो. त्याला मी काय करू?"

"आणि फ्रीज उघडायचा असला तर?"

"स्पीकर सरकवायचा, फ्रीज उघडायचा, स्पीकर परत जागेवर. मी जमिनीवर खुणा करून देतो."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका नुसतं पाहून भागवतात. मी खुणा केल्या. निळ्या चिकटपट्टीच्या. त्या दिवसापासून आमच्या घरात दूध काढायचं म्हणजे दोन माणसांचं काम झालं.

मग कानाची उंची. मी टेप घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलो आणि जमिनीपासून कानापर्यंत माप घ्यायला लागलो. बाबांनी आज्ञाधारकपणे हात बाजूला पसरले. "शर्ट कशाला शिवतोस? दोन आहेत अजून कोरे," ते म्हणाले. मी ओरडून सांगितलं की हे स्पीकरसाठी आहे. "बाह्या पूर्ण ठेव," ते म्हणाले. माप घेतलं, पण ते टिकेना. बाबा सकाळी ताठ बसतात, दुपारी घसरतात आणि डुलकी लागली की त्यांचा कान जवळजवळ खुर्चीच्या हाताशी येतो. मी सरासरी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच मी अंदाजाने माप लिहिलं आणि मला ते जिव्हारी लागलं.

एव्हाना प्राध्यापकांना सुगावा लागला होता. हे आमचे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. कुठला विषय शिकवायचे हे इमारतीत कुणालाच ठाऊक नाही, पण विषय कोणताही निघो, तो त्यांचा असतो. ते आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि एकदाच टाळी वाजवून कान टवकारून थांबले.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"काय?"

"तेच तर. तुमच्या भिंती बोडक्या आहेत. आवाज आपटतो आणि परत येतो. म्हाताऱ्या माणसाला तोच शब्द दोनदा ऐकू येणार. आधीच त्यांना एकदा ऐकू येत नाही."

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण उपाय विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. उपाय निघाला गोधड्यांचा. तीनही भिंतींवर गोधड्या टांगायच्या, म्हणजे आवाज मऊ होतो. घरात होत्या तेवढ्या गोधड्या, रजया, एक जुनी सतरंजी, सगळं खिळ्यांवर चढलं. सोफ्यामागच्या भिंतीवर हिच्या माहेरची जाड रजई आली. हॉलची पार रया गेली. पोस्टमन पत्र द्यायला आला तो आत बघून हळूच म्हणाला, "घर सोडताय का?"

उजवा स्पीकर फ्रीजच्या दारातून हलवायचा तर तो भिंतीवर ब्रॅकेटला लावणं हाच मार्ग होता. पण ती भिंत प्राध्यापकांच्या आणि आमच्या सामाईक मालकीची, त्यामुळे भोक पाडायला इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. आता या सेक्रेटरींच्या धाकट्या भावाच्या बंगल्याचा नकाशा मी मागे कधीतरी परत पाठवला होता. नियमात बसत नव्हता म्हणून पाठवला, त्यात वैयक्तिक काही नव्हतं. सेक्रेटरींनीही मला हेच ऐकवलं.

"वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले. "अर्ज करा, सोबत नकाशा जोडा."

मी असा नकाशा जोडला की तो चौकटीत लावून ठेवावा. तो परत आला. तांबड्या शाईत शेरा होता: 'उत्तर दिशा दाखवलेली नाही.' मी दिशा दाखवली. परत आला: 'श्रोत्याची उंची नमूद नाही.' ती नमूद केली. परत आला: 'श्रोत्याची संमती जोडावी.' हे सगळे शेरे माझेच होते हो. मीच लोकांच्या नकाशांवर मारतो ते. जिन्यात उभं राहून तो कागद वाचताना मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. बाबांनी संमतीपत्र न वाचता सही केली आणि मला विचारलं, "कपडा कुठला घेतलास?"

परवानगी मिळाली आणि फिटर आला. माणूस बोलायला गोड. पुस्तिका त्याने बाजूला सारली. "साहेब, मी हजार घरं केलीत," म्हणाला आणि ड्रिल लावलं. भिंत इतकी पातळ असेल असं त्यालाही वाटलं नसावं. ड्रिल एकदम सैल होऊन मुठीपर्यंत आत गेलं, आणि पलीकडून प्राध्यापकांचा आवाज आला, अगदी स्पष्ट, कसलाही घुमारा नसलेला. त्यांच्या बाजूला भिंतीवर मानपत्र होतं. त्यांना कुठल्याशा संस्थेने दिलेलं. ड्रिल काचेतून बाहेर आलं होतं आणि नेमकं नावाच्या जागी. आता त्या मानपत्रात सन्मान कुणाचा झालाय ते वाचता येत नाही. फिटर चहा न घेता गेला. मी मानपत्राची काच बदलून दिली, भोक बुजवून दिलं आणि प्राध्यापकांसमोर मान खाली घालून बराच वेळ बसून आलो.

शेवटी स्वयंपाकघरातली दोन उंच स्टुलं आली, त्यांवर आमच्या खात्याच्या नियमावलीचे जुने खंड आणि खंडांवर स्पीकर. जागा पहिलीच, चिकटपट्टीच्या खुणांवर. गॅलरी बंद, फ्रीज बंद. बाबांची खुर्ची सोफ्याच्या टोकापासून उचलून मधल्या वाटेवर. येता-जाता प्रत्येकाचे पाय त्यांच्या गुडघ्यांना लागत होते आणि ते प्रत्येकाला "असू दे, असू दे" म्हणत होते.

रविवार उजाडला. दुपारी चाचणी ठेवली. प्राध्यापक आले, कारण त्यांच्या गोधड्यांचा निकाल लागायचा होता. सेक्रेटरी आले, कारण आवाज मर्यादेत राहतो की नाही हे इमारतीच्या वतीने बघायचं होतं. आवाजाच्या वाटेत कुणी नको, म्हणून मी हिला आणि त्या दोघांना टीव्हीच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून उभं केलं. तिघंही बाबांकडे तोंड करून, आणि रिमोट घेऊन मी त्यांच्याच शेजारी. बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, की आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूचा हात वर करायचा. त्यांनी मान डोलावली. थोडे घाबरलेले वाटले. परीक्षेला बसवलेल्या माणसासारखे अगदी पुढे सरकून बसले.

सेटमध्ये चाचणीची सोय होती. रिमोटचं एक बटण दाबलं की डावीकडून खरखर यायची, दुसरं दाबलं की उजवीकडून. आवाज मी बेताचाच ठेवला. डावं बटण दाबलं. बाबांचा डावा हात वर गेला.

मी उजवं दाबलं. उजवा हात.

मी त्यांना फसवायला पुन्हा उजवंच दाबलं. पुन्हा उजवाच हात. मग डावा, मग उजवा, मग डावा, डावा. एकही चुकलं नाही. ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. प्राध्यापक म्हणाले, "गोधड्या," आणि सेक्रेटरींनीसुद्धा मान हलवली. मला काय झालं ते कसं सांगू? छाती भरून आली. इतक्या दिवसांची फरफट, फिटर, शेरे, मानपत्र, सगळं वसूल झालं. मनात आलं, उगीच लोक नकाशांना नावं ठेवतात. मी आवाज आणखी थोडा कमी केला आणि पुढचं बटण दाबण्याआधी जरा थांबलो, ऐटीत.

तेवढ्यात सोफ्यामागच्या रजईच्या वरून एक पाल बाहेर आली. चांगली मोठी. ती भिंतीवर सरसर वर गेली आणि छताशी थांबली. ही पालीला भयंकर घाबरते, पण चाचणी चाललेली म्हणून तिने तोंडातून शब्द काढला नाही. तिने नुसतं तिकडे पाहिलं. मग प्राध्यापकांनी पाहिलं, सेक्रेटरींनी पाहिलं, मीही पाहिलं. चौघंही बाबांच्या डोक्यावरून मागे, वर बघत होतो. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

बाबांनी हात वर केला आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.

"मागून," ते म्हणाले.

आमच्याकडे मागे स्पीकर नाही. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, आणि आपण पुरेसं कौतुक केलं नाही असं वाटून म्हणाले, "मागचा तर सगळ्यांत स्पष्ट आहे."

मग त्यांना आमचे चेहरे दिसले असणार. हात हळूहळू खाली आला आणि गुडघ्यावर जाऊन बसला.

"चुकलं का?" त्यांनी विचारलं.

प्राध्यापक खाकरले आणि गेले. सेक्रेटरी दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या दंडाला धरून म्हणाले, "आवाजाबद्दल इमारतीची काही तक्रार नाही. हवा तेवढा ठेवा." हे मात्र त्यांनी वैयक्तिक म्हटलं असावं. त्यांच्यामागे दार लावून मी आलो. मला वाटलं होतं की मी रागावेन. राग कुठून यायला? सत्तरी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या मुलाची मेहनत फुकट जाऊ नये म्हणून चार लोकांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर नजर ठेवून बसला होता, आणि मी रिमोट घेऊन त्याला फसवायला बघत होतो.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "बाबा, अजिबात येत नाही का ऐकू?" मी ओरडलो.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "ओरडलास की तुझं तोंड वाकडं होतं, मग काहीच कळत नाही."

मी हळू विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"थोडं घुमल्यासारखं वाटतं. शब्द नाही येत. बरेच दिवस झाले." ते स्पीकरकडे बघून ओशाळले. "तू एवढं मांडलंस सगळं. मी काय म्हणणार होतो?"

"मग आधी सिनेमा कसे बघत होतात?" हिने विचारलं.

"तुमच्याकडे बघून. तुम्ही हसलात की हसायचं, तुम्ही गप्प झालात की गप्प. पण तुम्ही सोफ्यावर ओळीत बसता. मला टोकावरून नुसते कान दिसतात तुमचे. वाकून वाकून मान अवघडायला लागली, म्हणून आत जाऊन बसायचो." मग जरा वेळाने म्हणाले, "आणि आता तर तू मला असं बसवलंस की तुम्ही सगळे पाठीमागे."

ते बरोबर होतं. त्रिकोण अचूक होता आणि त्यात सोफा बाबांच्या पाठीमागे गेला होता.

मी उठलो. डावा स्पीकर खंडांवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला. उजवाही ठेवला. दोन्ही भिंतीकडे तोंड करून, कसेही. नियमावलीचे खंड सोफ्यावर टाकले. डावीकडच्या स्टुलावर मी बसलो, बाबांकडे तोंड करून, टीव्हीकडे तिरका. उजवीकडच्या स्टुलावर ही बसायला निघाली तोच बाबा हात हलवून म्हणाले, "तिला डावीकडे दे. उजेड आहे तिकडे. तुझ्या तोंडावर तसंही काही उमटत नाही, तू फ्रीजपाशी बैस."

खात्यात आजवर माझ्याविषयी बरंच काही बोललं गेलंय, पण इतकं कुणी सरळ तोंडावर सांगितलं नव्हतं. मी उठून फ्रीजपाशी बसलो.

सिनेमा लावला. कुठलातरी हलकाफुलका होता, त्यात एक जाडा माणूस चुकीच्या घरात शिरतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. ही मान वळवून बघायची आणि हसायची, अगदी तोंडभर. बाबा तिच्याकडे बघून हसायचे, एखादा क्षण उशिरा. त्यांची नजर पडद्यावर जायची, हिच्यावर यायची, पुन्हा पडद्यावर. मला तो एक क्षण सहन होईना. तेवढ्या क्षणात ते काय काय करत असतील, हे मी इतके दिवस बघितलंच नव्हतं. मी फ्रीजला टेकून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबवून थांबेना. पडद्यावर तो जाडा माणूस कपाटात लपत होता.

बाबांनी हिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे, पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोघं मिळून एक काय ते ठरवा," ते म्हणाले. "तिच्याकडे हसणं आणि तुझ्याकडे हे. मी काय समजू? नक्की चाललंय काय सिनेमात?"

मी बाहीने तोंड पुसलं. पुढे सरकून, उजेडात येऊन बसलो आणि हसलो, त्यांना नीट दिसेल एवढं. क्षणभर ते बघत राहिले. मग तेही हसायला लागले.